या चुका टाळा : तक्रारींचा ढीग समोर असताना आधी काय हाती घ्यायचं?

पाण्याच्या बाटलीवर पाच रुपये जास्त घेतले, ही आमच्या वहीतली सगळ्यात लाडकी तक्रार. पूर्व नागपुरातल्या आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात आम्ही सात-आठ जण शनिवारी संध्याकाळी बसतो. पहिली दोन वर्षं आम्ही त्या बाटलीच्याच मागे धावलो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदाच आहे, त्यामुळे काम खोटं नव्हतं. पण तेवढ्यात काय काय निसटलं, ते आज वही उलटून पाहिलं की अवघडल्यासारखं होतं. वॉर्डात असं केंद्र काढणाऱ्यांनी, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेत विषय मांडणाऱ्यांनीही, आमच्या चुका आमच्याच खात्यावर राहू द्याव्यात.

तक्रारी मोजून क्रम लावणं

तक्रार कोण करतो? ज्याच्याजवळ बिल आहे, फोटो आहे आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे तो. भाजीच्या ठेल्यावरून अर्धा किलो टमाटर घेऊन घाईत घरी निघालेली बाई आमच्याकडे एकदाही आलेली नाही. मग आम्हीच एका आठवडी बाजारात गेलो. पिशवीत एक किलोचं छाप असलेलं वजन होतं. ज्याच्या तागडीला निळी टेप गुंडाळली होती, अशा एका इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते ठेवलं, तर आकडा आला १.०६०.

“काऊन काका, भरोसा नाही का?” ठेलेवाला हसतच म्हणाला. आम्ही काटा वळवून छाप पाहिली. पडताळणीच्या छापेवर तिमाहीचं अक्षर असतं, ए ते डी, आणि सोबत वर्षाचे दोन आकडे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते, लोखंडी वजनं आणि दांडीचा तराजू असेल तर दर २४ महिन्यांनी. या काट्याची मुदत कधीच उलटून गेली होती. त्यानं मुद्दाम केलं असेल असं मला आजही वाटत नाही. काटा त्यानं जुनाच विकत घेतला होता आणि छाप नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती.

आता हिशेब करा. ३० रुपये किलोच्या टमाटरात ६० ग्रॅम म्हणजे १ रुपया ८० पैसे. एवढ्यासाठी कोण भांडेल? पण त्या काट्यावरून दिवसाला क्विंटलभर माल जात असेल, तर रोजचे १८० रुपये झाले, आणि तेही हातावर पोट असलेल्यांच्या पिशवीतून. वहीत मात्र शून्य तक्रारी. तेव्हापासून आमच्या वहीत ‘किती तक्रारी’च्या शेजारी आणखी एक रकाना आहे : ज्याचं नुकसान झालं, त्याला ते कळलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर विषय वर सरकतो. इतवारीत सोनं घेणाऱ्याचंही तसंच. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहणारे थोडेच, आणि न पाहणारा तक्रार तरी कशाची करणार?

‘ग्राहक’ या शब्दात अडकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. काटोलकडचा एक शेतकरी आला होता. गावातल्या एका व्यापाऱ्याच्या काट्यावर सोयाबीन कमी भरतं, असं त्याचं म्हणणं. आम्ही कायदा उघडून त्याला सांगितलं, तुम्ही विकणारे, ग्राहक नाही. तो ‘बरं’ म्हणून उठला आणि पुन्हा आला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ पुरतं ते बरोबरच होतं, पण वजन-मापांसाठीचा वैधमापनशास्त्र कायदा २००९ असा भेद करत नाही. काटा व्यवहारात वापरला जातो, तर तो खरा हवा, मग नुकसान घेणाऱ्याचं होवो की देणाऱ्याचं. कळमन्याच्या घाऊक बाजारात संत्री-धान्य घेऊन येणाऱ्या माणसाचा तोटा ग्रॅममध्ये नसतो, क्विंटलला किती किलो गेले यात असतो. गाडीसकट माल तोलणारा एक धर्मकाटा तपासून घेतला की शंभर ठेल्यांचं काम होतं.

हंगाम उलटल्यावर जागं होणं

कूलरच्या तक्रारी एप्रिलच्या मध्यापासून येतात. तोवर पत्र्याची बॉडी, नाव-गाव नसलेला पंप आणि कच्च्या चिठ्ठीवर विकलेला कूलर घराघरांत पोचलेला असतो. कूलरचा करंट लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भाला नव्या नाहीत, म्हणून पैशाच्या कुठल्याही तक्रारीपेक्षा हा विषय आधी. त्याचं काम फेब्रुवारीतच : पक्कं बिल मागा, अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा. मिठाईच्या डब्यासकट वजनाचा विषयही पोळ्याच्या आधीच काढावा, दिवाळीत दुकानदाराला मान वर करायला सवड नसते.

सगळं एकाच दारात नेणं

वजन-माप आणि पाकिटावरचा मजकूर वैधमापनशास्त्र विभागाकडे, भेसळ अन्न व औषध प्रशासनाकडे, हॉलमार्क भारतीय मानक ब्युरोकडे. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग : वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत, त्यात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १९१५ या क्रमांकावर फोन लावून द्यायचा. आम्ही पूर्वी सगळंच आयोगाकडे पाठवायचो, आणि पाच रुपयांसाठी माणसाच्या चकरा सुरू व्हायच्या.

कारवाई झाली की खूण मारून मोकळं होणं

निळ्या टेपच्या काट्याची माहिती आम्ही विभागाला दिली. दीड महिन्यानं पुन्हा त्याच बाजारात गेलो, तर ठेल्यावर नवा काटा, चालू तिमाहीची छाप, आकडा बरोबर १.०००. ठेलेवाल्यानं स्वतःहून काटा वळवून दाखवला. आम्ही वहीत खूण केली आणि संत्री घ्यायला चार ठेले पुढे गेलो. तिथे तागडीला निळी टेप होती.