ट्रसच्या कामासाठी मुंबईत नव्याने आलेल्यांना

सांगली, लातूर, रत्नागिरीकडची मुलंमुली अंधेरीच्या डिझाइन ऑफिसात रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात समोर येतं ते कॅनडातल्या एखाद्या घराचं छप्पर, म्हणजे त्याचे ट्रस (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे). मीही असाच संगमेश्वरहून आलो, म्हणून हे लिहितोय.

आधी राहायचं बघा. डोंबिवलीत खोली मिळाली तर घाटकोपरला उतरून मेट्रोने चकाला किंवा मरोळ नाका गाठता येतं. भाडेकरार रजिस्टर झाल्याशिवाय डिपॉझिट सोडू नका. पावसाळ्यात अर्धा तास आधी निघा. बाकीचं दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं.

बर्फाचं तसं नाही. छप्पर म्हटलं की आपल्या मनात पाऊसच येतो. गावच्या घराला आढं, वासे, रिपा आणि वर कौलं. पाणी पडलं की पागोळ्यांतून अंगणात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तरी उतरत्या छपरावर पाणी साचून राहिलं नाही. बर्फ मात्र बसून राहतो. थरावर थर चढतात, दाबले जातात, मग त्यात पाऊस मुरतो.

ओटावाचंच घ्या. कॅनडाच्या २०१५ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये तिथला जमिनीवरच्या बर्फाचा भार २.४ केपीए (किलोपास्कल, दाबाचं एकक) आणि सोबतच्या पावसाचा ०.४. वारा छपरावरचा काही बर्फ उडवून नेतो, म्हणून साध्या घराला जमिनीवरच्या भाराच्या ०.५५ पट धरतात (छप्पर ४.३ मीटरपेक्षा रुंद असेल तर), पण पावसाचा भार पूर्ण. म्हणजे १.३२ अधिक ०.४, एकूण १.७२ केपीए. चौरस मीटरला साधारण १७५ किलो. तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीवर जवळजवळ दोन टन! उत्तर १ केपीएच्या खाली आलं तरी १ च धरायचं.

इथपर्यंत कुणीही येतं. खरा धोका बर्फ सारखा पसरत नाही यात आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे दुमजली घर आलं, बाजूला बुटकं गॅरेज. मी गॅरेजच्या सगळ्या ट्रसना एकच भार दिला. चेकिंग करणाऱ्या मॅडमनी शीट पुढे ओढली आणि भिंतीला टेकवून लाल पेन्सिलने एक त्रिकोण काढला. वरच्या छपरावरचा बर्फ वाऱ्याने खाली येतो आणि भिंतीलगत ढीग लागतो, तो हा त्रिकोण. गणित पुन्हा केलं तेव्हा भिंतीजवळच्या ट्रसचे वेब (आतल्या उभ्या-तिरक्या पट्ट्या) आणि प्लेट (सांधे जोडणारे धातूचे पत्रे) दोन्ही वाढले. त्या छपराखाली कुणाची तरी माणसं वावरणार होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

दुपाखी छपरावरही एक पाखं भरलेलं, दुसरं जवळजवळ रिकामं, ही केस लावाच. पूर्ण भारात ताणात असलेला वेब अशा वेळी दाबात जाऊ शकतो. अंतिम शिक्का तिकडचा परवानाधारक इंजिनिअर मारतो म्हणून आपण ढिलं पडायचं नाही.

फाइल उघडलीत की गावाचं नाव, कोडचं साल आणि शेजारचं उंच छप्पर या तीन गोष्टी आधी बघा. शेजारच्या छपराची उंची प्लॅनमध्ये दिसत नाही, त्यासाठी एलिव्हेशन (घर समोरून-बाजूने दाखवणारं ड्रॉइंग) मागवून घ्या.