माउंट व्हिटनीचा 1907चा नकाशा: या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाचा जुना नकाशा हवा असेल, तर अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टोपोव्ह्यू साइटवरून तो फुकट उतरवता येतो. 'माउंट व्हिटनी' ही 1907ची शीट तर देखणीच आहे. घोळ होतो तो ती वाचताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोपऱ्यातलं साल अख्ख्या नकाशाला लावणं. शीटवर 'एडिशन' 1907 असलं तरी सर्वेक्षण 1905चं आहे. अशा शीट पुढे पुन्हा छापल्या जात, तेव्हा एडिशनचं साल तेच राहून एखादी नवी वाट आत आलेली असू शकते. म्हणून सर्वेक्षण, एडिशन आणि पुनर्मुद्रण ही तिन्ही सालं वेगळी टिपून ठेवा. उदाहरणार्थ, जॉन म्यूर ट्रेल या सिएरातल्या लांब पायवाटेचं काम सुरू झालं 1915 साली, म्हणजे 1907च्या एडिशननंतर. या भागात ती वाट आधी जंक्शन पास आणि शेफर्ड पास अशा दोन खिंडी ओलांडून जाई. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला फॉरेस्टर पास फोडल्यावर जंक्शन पासची वाट मागे पडली आणि आज ती सांभाळलीही जात नाही. जुन्या कागदावरची ठसठशीत तुटक रेघ पाहून तिकडे वळू नका.

दुसरा घोळ ही शीट मोबाइलवर उघडल्यावरचा. तुमची जागा दाखवणारा निळा ठिपका ओढ्याच्या भलत्याच काठावर दिसला, तर बिचाऱ्या जीपीएसला दोष देऊ नका. शीटचा डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) 1927च्याही आधीचा आहे, शिवाय समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा रेखाटनाचा सपाट फळा, लावून, डोंगराकडे बघत काढलेल्या. ठिपका अख्ख्या शीटभर एकाच बाजूला तितकाच सरकत असेल तर डेटम तपासा. इथे जास्त, तिथे कमी सरकत असेल तर ती त्या काळच्या रेखाटनाची मर्यादा. नकाशा खेचून जुळवण्यात वेळ घालवू नका.

प्रमाण 1:1,25,000, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 125 मीटर. समोच्च रेषांमधलं अंतर 100 फूट, त्यामुळे ऐंशी फुटांचा उभा कडा दोन रेषांमध्ये बेमालूम लपतो. घरी प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद ठेवा. नाहीतर छापील गुणोत्तर खोटं ठरतं, नकाशावर छापलेली मोजपट्टी तेवढी खरी राहते.

चुंबकीय विचलनही (होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर दिशा यांतला कोन) जुनं वापरू नका. तिथे ते आता सुमारे 12 अंश पूर्व आहे. एका अंशाची चूक किलोमीटरमागे सुमारे 17 मीटर बाजूला नेते.