लिव्हिंग विल करताय? या चुका टाळा

“मला नळ्या लावून ठेवू नका रे,” असं आपल्याकडे घरोघरी कुणीतरी म्हटलेलं असतं, बहुतेकदा कुणाच्या तरी दहाव्याहून परतताना. “काहीतरीच काय बोलता!” म्हणून घरचे विषय तिथेच मिटवतात. पुढे आयसीयूच्या दाराशी डॉक्टर विचारतात, तेव्हा कुणाला खात्रीने काही सांगता येत नाही.

लिव्हिंग विल म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी तिला मान्यता दिली, तरी ती करणारे अजून थोडेच. जे करतात त्यांच्याही हातून काही चुका होतात.

इस्टेटीच्या मृत्युपत्रातच दोन ओळी घालणं. मृत्युपत्र लागू होतं ते माणूस गेल्यावर. लिव्हिंग विल लागते ती तुम्ही जिवंत आहात, पण बोलू शकत नाही तेव्हा. कागद वेगळाच हवा.

जुन्या नियमांचा धसका घेणं. २०१८ च्या निकालात न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती, त्यामुळे अनेकांनी नाद सोडला. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने हे सोपं केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यायचा. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत.

मोघम लिहिणं. सगळ्यात जास्त कागद इथे वाया जातात. “मला त्रास नको”, “शांतपणे जाऊ द्या” हे मनापासूनचं असतं, पण त्यावरून डॉक्टरांनी करायचं काय? मजकूर स्पष्ट नसेल तर त्यावर निर्णय घेणारं डॉक्टरांचं वैद्यकीय मंडळ तो अमलात आणत नाही. म्हणून नावं घेऊन लिहा: व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून घातलेली अन्नाची नळी, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करणं. यातलं काय नको आणि कोणत्या स्थितीत नको, दोन्ही लिहा. नुसतं “व्हेंटिलेटर नको” लिहिणं धोक्याचं आहे. बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियात चार दिवसांचा व्हेंटिलेटर माणसाला चालता-फिरता घरी पाठवू शकतो. “आजार बरा होण्याची आशा उरलेली नसेल आणि मला निर्णय घेता येत नसेल तेव्हा” ही अट त्या वाक्याला जोडा. लिहायच्या आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांसमोर अर्धा तास बसा. तुमचे आजार त्यांना ठाऊक असतात.

थोरला म्हणून थोरल्याचं नाव घालणं. तुमच्या वतीने बोलणारी व्यक्ती मानाने नव्हे, स्वभावाने निवडा. रडणाऱ्या नातेवाइकांसमोर तुमचा शब्द राखणारी, शक्यतो जवळ राहणारी. ती सूनही असू शकते, धाकटी बहीणही. एकाहून जास्त नावं देता येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अनेक वर्षं अचेत अवस्थेत होत्या. २०११ च्या त्यांच्या खटल्यात त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, हा मोठा प्रश्न झाला होता. तो मान न्यायालयाने त्यांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. तुमच्या बाबतीत हे कोर्टाने ठरवायची वेळ येऊ देऊ नका. आणि ज्याचं नाव घातलं नाही त्यालाही सांगा, विशेषतः परदेशातल्या मुलांना. दूर राहिल्याची टोचणी त्यांच्याकडून फोनवर “काय लागेल ते करा” असं वदवते. त्यांनी हे आधी तुमच्याच तोंडून ऐकलेलं असावं.

कागद लॉकरमध्ये ठेवणं. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही. प्रत नेमलेल्या व्यक्तीकडे, फॅमिली डॉक्टरांकडे आणि महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. मुंबईत हे काम महापालिकेच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःची लिव्हिंग विल नोंदवली.

रुग्णालयाचं “आमच्याकडे असं चालत नाही” ऐकून रुग्णाला घाईने घरी नेणं. कंटाळून कुटुंब ‘डामा’वर सही करतं, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. घरी वेदनाशामक नसतं, नर्स नसते आणि शेवटचे दिवस तळमळत जातात. त्याऐवजी मूळ कागद दाखवा आणि प्राथमिक वैद्यकीय मंडळ बसवण्याची मागणी लेखी द्या. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ असतात. त्यांच्या निर्णयाची खातरजमा दुसरं मंडळ करतं. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा, असं न्यायालयाने म्हटलं आहे. उपचार थांबवण्याआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं असतं.

यंत्र काढलं म्हणजे सेवा संपली असं समजणं. वेदना, धाप, कोरडं तोंड, भीती या सगळ्यांवर उपचार चालूच राहतात. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका. योग्य मात्रेत ते वेदना आणि धाप दोन्ही कमी करतं. आणि इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात आजही गुन्हाच आहे, लिव्हिंग विल त्यासाठी नाही.

मत बदललं तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो किंवा बदलता येतो. नवा केलात तर जुन्या प्रती ज्यांच्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून परत मागून घ्या आणि नव्यावर तारीख ठळक लिहा.