दुसऱ्याच्या मुलाचं बक्षीस बघून पोटात दुखू लागलं तर
विज्ञान स्पर्धेचा निकाल लागला की पहिली १० मिनिटं परीक्षकांकडे जाऊ नका. रागात विचारलेला प्रश्न भांडणच वाटतो. त्याऐवजी विजेत्या मुलाची नोंदवही बघा, मॉडेल नंतर. प्रयोग निदान ३ वेळा केलाय का? एका वेळी एकच गोष्ट बदललीय का? रोपांच्या प्रयोगात माती, पाणी सारखं ठेवून फक्त उजेड बदलायचा असतो. बहुतेकांची गफलत इथेच होते: उजेड आणि पाणी दोन्ही बदलतात, मग रोप कशामुळे सुकलं ते सांगताच येत नाही.

“त्याच्या बाबांनीच केलं असणार” हे घरीसुद्धा बोलू नका, मुलं ते जसंच्या तसं वर्गात नेतात.

पुढच्या वेळी कात्री-गोंद मुलाच्याच हाती द्या. तुम्ही फक्त ग्लू गन आणि वीजजोडणी सांभाळा. वाकडं चिकटलेलं लेबल तसंच राहू द्या.