पावसाच्या जुन्या नोंदींतून दुष्काळ कसा ओळखावा

प्रथम एकाच पर्जन्यमापकाच्या किमान ३० वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात आणि तो मापक मध्येच दुसऱ्या जागी हलवला गेला होता का, हे तपासावे. कारण जागा बदलली की आकड्यांत खोटा कल दिसू लागतो. गहाळ महिन्याच्या जागी शून्य कधीही लिहू नये.

त्यानंतर हंगामी पावसाची सरासरी आणि प्रमाण विचलन (दरवर्षीचा पाऊस सरासरीपासून साधारण किती दूर जातो, ते) काढून विचलनाला सरासरीने भागावे व १०० ने गुणावे. हा चलन गुणांक जितका मोठा, तितका पाऊस बेभरवशाचा.

मात्र हंगामाची बेरीज फसवी असते. एकूण पाऊस सरासरीइतका होऊनही मध्येच पडलेल्या ३ आठवड्यांच्या खंडाने उभे पीक करपू शकते, म्हणून दैनंदिन नोंदींतून सलग कोरडे दिवस स्वतंत्रपणे मोजावेत. माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे.

तीव्रता ठरवण्यासाठी प्रमाणित पर्जन्य निर्देशांक, म्हणजे ठरावीक काळातला पाऊस तिथल्या नेहमीच्या पावसापेक्षा किती कमी किंवा जास्त आहे हे दाखवणारा आकडा, वापरावा. उणे १ पासून मध्यम, उणे १.५ पासून तीव्र आणि उणे २ पासून अतितीव्र कोरडेपणा मानतात. पिकांसाठी ३ महिन्यांचा, तर जलाशयांसाठी १२ महिन्यांचा कालखंड घ्यावा.

दुष्काळाचा एल निनोशी (प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातले पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याच्या घटनेशी) संबंध जोडताना घाई करू नये: १९९७ साली तो अत्यंत प्रबळ असूनही भारतातील मोसमी पाऊस सरासरीच्या आसपासच राहिला.