चिनी शहराचा प्रशासकीय दर्जा कसा ओळखावा

चीनमधील पुरवठादाराशी किंवा विद्यापीठाशी पत्रव्यवहार करताना तेथील शहराचा दर्जा ओळखायचा असेल, तर लोकसंख्या आणि बाजारातील उलाढाल आधी बाजूला ठेवावी, कारण हा दर्जा ते शहर कोणाच्या अधिकाराखाली येते यावरून ठरतो. पुण्याच्या रविवार पेठेतील घाऊक व्यापाऱ्यांना परिचित असलेले यीवू हे चिनी शहर जगभर माल पाठवते, तरीही सरकारी उतरंडीत ते जिन्हुआ या शहराखाली येते.

चिनी भाषेतील पत्ता मोठ्या घटकाकडून लहानाकडे जातो, त्यामुळे तो डावीकडून वाचावा. सुरुवातीला प्रांताचे नाव नसेल आणि थेट बीजिंग, शांघाय, त्यान्जिन किंवा चोंगचिंग असेल, तर ते केंद्राच्या अखत्यारीतील, प्रांताच्या तोडीचे शहर समजावे. यांपैकी चोंगचिंग १९९७ मध्ये सिचुआन प्रांतातून वेगळे झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पाचपटीहून अधिक असून त्यात डोंगर, शेते आणि खेडीही येतात. त्याला जगातील सर्वांत मोठे शहर म्हणणाऱ्या मथळ्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

प्रांतानंतर एकच शहर असेल, तर ते बहुधा जिल्हा दर्जाचे असते. पुण्याची रचना चिनी पद्धतीची असती, तर संपूर्ण जिल्ह्यालाच ‘पुणे शहर’ म्हटले गेले असते आणि बारामती त्याच्या पोटातील तालुका दर्जाचे शहर ठरली असती. या स्तरावरील १५ शहरांना मात्र उपप्रांतीय, म्हणजे प्रांत आणि जिल्हा यांच्या मधला दर्जा आहे. त्यांपैकी १० प्रांतिक राजधान्या आहेत. उरलेली पाच म्हणजे शेंझेन, शियामेन, निंगबो, दालियान आणि छिंगदाओ, जेथे रांजणगावात कारखाना असलेल्या हायरचे मुख्यालय आहे. सुझोऊची अर्थव्यवस्था आपल्या प्रांताची राजधानी नानजिंगपेक्षा मोठी असूनही ते या यादीत नाही.

प्रांतानंतर दोन शहरे लागोपाठ आली, तर दुसरे तालुका दर्जाचे असते. अडचण अशी, की इंग्रजी पत्त्यात मधले नाव अनेकदा गाळले जाते आणि ‘यीवू, झेजियांग’ एवढेच उरते. अशा वेळी सहा आकडी प्रशासकीय संकेतांक पाहावा, जो माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. त्यातील पहिली जोडी प्रांताची, दुसरी जिल्हा दर्जाच्या शहराची आणि तिसरी त्याखालील घटकाची असते. यीवूचा संकेतांक ३३०७८२ आहे: ३३ म्हणजे झेजियांग, ०७ म्हणजे जिन्हुआ आणि ८२ म्हणजे यीवू. शेवटची जोडी ८१ किंवा त्याहून मोठी असली, की ते सहसा तालुका दर्जाचे शहर असते. ती ०१ ते २० मध्ये असली, तर तो बहुधा शहरांतर्गत विभाग असतो.

पुरवठादाराच्या व्यवसाय परवान्यावरील १८ अक्षरी नोंदणी क्रमांकातही तिसऱ्यापासून आठव्या स्थानापर्यंत हाच संकेतांक असतो. तो नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचा असल्यामुळे कारखाना प्रत्यक्षात कोठे आहे, हे मात्र वेगळे तपासावे.

‘टियर वन’, ‘टियर टू’ ही वर्गवारी या कामी वापरू नये. ती चिनी सरकारची नसून माध्यमे आणि बाजार अभ्यासकांची आहे. चिनी शिष्टमंडळाच्या स्वागताची आसनव्यवस्था ठरवताना शहराचा दर्जा पाहावाच, शिवाय एकाच शहराचे पक्षसचिव (तेथील कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख) आणि महापौर दोघेही येणार असतील, तर पक्षसचिव ज्येष्ठ असतात हेही ध्यानात ठेवावे.