आधी हिशेबाचे चोपडे, मग राजीनामा : पंथातलं पद कसं सोडावं

कडक शिस्तीच्या पंथात पदाला पद म्हणत नाहीत, सेवा म्हणतात. त्यामुळे राजीनाम्याचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला, "सेवेचा कुठे राजीनामा असतो का?" बडोद्यातल्या आमच्या मंडळाचा मी नऊ वर्षं सचिव आणि विश्वस्त होतो. कांदा-लसूण वर्ज्य, बाहेरचं खाणं वर्ज्य, लग्नं पंथातच. त्यातून सुटायला मला दोन वर्षं लागली. पैकी दीड वर्ष पत्राचे खर्डे लिहिण्यात गेलं, आणि शेवटी दिलं ते पत्र चार ओळींचं होतं.

आधी स्वतःशी ठरवा, काय सोडताय? पद, पंथ की श्रद्धा? पद सोडून पहाटेच्या काकड्याला मागच्या रांगेत आनंदाने बसणारे लोक मी पाहिलेत. बाकीच्या दोन गोष्टी एका रात्रीत ठरवायची गरज नाही, आणि विश्वस्त मंडळाला त्या सांगायची तर मुळीच नाही.

मग घरी बोला. नवरा-बायकोत आधी, मग आई-वडिलांशी. आईचं भजनी मंडळ तिथलंच असेल तर ही बातमी तिला टाळ वाजवताना शेजारणीकडून कळता कामा नये. माझ्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "एकादशीचा प्रसाद घरी येईल ना?"

त्यानंतर ट्रस्टची घटना काढून वाचा. राजीनामा कोणाच्या नावे द्यायचा, किती दिवसांची सूचना लागते, तुम्ही गेल्यावर विश्वस्तांची किमान संख्या उरते का, हे त्यात असतं. आमच्या घटनेत एक महिन्याची लेखी सूचना होती. ते कोणालाच माहीत नव्हतं, सचिवालाही नाही.

आता खरं काम. पत्र देण्याआधी हिशेब स्वच्छ करा. पत्र गेलं की माणसं दुरावतात, सह्या मिळेनाशा होतात, आणि पुढे काहीही सापडलं नाही की ते तुमच्याच नावावर खपतं. मार्चअखेर हे उत्तम निमित्त. वार्षिक मोजणी म्हटलं की कोणी भुवया उंचावत नाही. रोजमेळ आणि हातातली शिल्लक जुळवा. वापरलेली, कोरी पावतीपुस्तकं क्रमांकासह लिहून काढा. दानपेटी दोन विश्वस्तांसमोर उघडून मोजा आणि किल्ली सहीनिशी सोपवा.

सोन्याचांदीचं वजन मात्र यादीवरून उतरवून घेऊ नका, काट्यावर करा. आम्ही घडियाळी पोळ या गल्लीतल्या एका सोनाराला मंदिरात बोलावलं. यादीत अभिषेकाची चांदीची तपेली 1 किलो 120 ग्रॅम, काट्यावर 1 किलो 85. पस्तीस ग्रॅम कमी! सतरंजीवर बसलेल्या तीन काकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सोनाराने तपेली उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं राखेनं घासताय, झिजणार नाही तर काय?" यादीत 'प्रत्यक्ष वजन' असा नवा रकाना आखला आणि चौघांच्या सह्या घेतल्या. ही मोजणी मी गेल्यावर झाली असती तर त्या पस्तीस ग्रॅमचा चोर कोण ठरला असता, हे सांगायला नको.

हल्ली आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे मोबाइल. दानपेटीवरच्या क्यूआर कोडला नंबर कोणाचा आहे? आयकराच्या पोर्टलवर ओटीपी कोणाकडे येतो? बँकेत सही कोणाची चालते? माझा नंबर बदलायचा राहिला, आणि पद सोडल्यावर चार महिने दर गुरुवारी पहाटेपासून फोनवर 51 रुपये, 101 रुपये जमा झाल्याचे निरोप येत राहिले. बँकेतली सही बदलायला मंडळाचा ठराव लागतो. तो ठराव हिशेब सोपवताना लगेच मागून घ्या.

पत्र छोटं ठेवा: "मी अमुक तारखेपासून विश्वस्त व सचिव पदाचा राजीनामा देत आहे. दप्तर, रोकड, दागिने व किल्ल्या सोबतच्या यादीप्रमाणे सोपवल्या आहेत. राजीनामा मंजूर करून तसा ठराव करावा व ठरावाची प्रत मला द्यावी." कारण लिहायचंच असेल तर 'वैयक्तिक' पुरे. तत्त्वाचा वाद पत्रात घातला की पत्राचं उत्तर येतं, उत्तराला उत्तर जातं, आणि तुम्ही पदावर राहता ते राहताच. हातोहात देऊन पोच घ्या. घेत नसतील तर रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातून पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

गुरुमहाराजांना मात्र प्रत्यक्ष भेटा, तेही पत्राच्या आदल्या दिवशी. उत्सवाच्या आठवड्यात नको. "अजून एक वर्ष थांब" असं हमखास ऐकावं लागतं. नमस्कार करावा आणि तारीख तीच ठेवावी. नुसतं 'पायाशी पद ठेवलं' म्हणजे राजीनामा झाला, या भ्रमात राहू नका. धर्मादाय कार्यालयाला पाय दिसत नाहीत, कागद दिसतो.

तो कागद म्हणजे चेंज रिपोर्ट, इकडे फेरफार रिपोर्ट म्हणतात. गुजरातेत 1950 चा, मूळचा मुंबई राज्याचा, सार्वजनिक ट्रस्ट कायदा चालतो. त्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमधला बदल 90 दिवसांत कळवावा लागतो. मंडळाने टाळाटाळ केली तर पत्र आणि पोच जोडून स्वतः लेखी कळवा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनी आपला कायदा वेगळा आहे हे लक्षात ठेवावं. तिथे 1951 चा लोक न्यास अधिनियम आहे आणि रजिस्ट्रार म्हणजे कलेक्टर.

बोलणं बंद होईल, एखादं आमंत्रण येणार नाही. पुण्याचे नातेवाईक फोनवर सांगतील, "बहिष्काराविरुद्ध कायदा आहे की!" आहे, 2016 चा, पण तो फक्त महाराष्ट्रात. धमकी किंवा अडवणूक झाली तर तारीखवार लिहून ठेवा आणि पोलिस ठाण्यात जाणवाजोग अर्ज, म्हणजे नुसती माहिती नोंदवणारा अर्ज, द्या.

तुमचं नाव निघालेला पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टांच्या सरकारी नोंदवहीचा, उतारा मिळाला की दोन प्रती काढा. माझी एक प्रत आईच्या पोथ्यांच्या कपाटात आहे. प्रसाद अजून येतो. पूर्वी अध्यक्ष स्वतः आणून देत, आता वॉचमनचा मुलगा डबा दारात ठेवून जातो.